चाचणीचा निरोप

वृषाली जुन्नर तालुक्यातल्या आळे गावची. पुण्यात एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायची. कंपनीने माणसं कमी केली त्यात तिचंही नाव आलं, पण घरी तिने सांगितलं की शहराचा कंटाळा आलाय, आता आपल्या भागासाठी काहीतरी करायचंय. वडलांनी ते खरं धरलं आणि पाव्हण्यारावळ्यांत कौतुकाने सांगितलं. त्यांच्याच ओळखीने तिला जुन्नरला हिरड्याच्या संस्थेत काम मिळालं.

संस्था म्हणजे बाजारपेठेत खताच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि व्यवस्थापक दादाभाऊ. पश्चिमेच्या डोंगरातली माणसं उन्हाळ्यात झाडावरून बाळहिरडा उतरवतात, अंगणात वाळवतात, आणि ही संस्था तो गोणीने घेऊन औषधं करणाऱ्यांना विकते. कुठल्या गावात कोणत्या दिवशी गाडी येणार, हे सभासदांना कळवायचं काम वृषालीकडे होतं. बऱ्याच जणांना वाचता येत नव्हतं, म्हणून तिने फोनची सोय केली. ती निरोप टाइप करायची, आणि एका सेवेमार्फत तो सगळ्यांच्या फोनवर मशीनच्या बाईच्या आवाजात ऐकू जायचा.

यासाठी तिने एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला ओळीने द्यायच्या आज्ञांची फाइल, लिहिली होती. स्क्रिप्ट चालवली की ती आधी 'यादी' नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे बाहेरून ठरवून दिलेली किंमत, बघायची. त्यात 'चाचणी' असलं तर फोन फक्त दोघांना, वृषालीला आणि दादाभाऊंना. 'सभासद' असलं तर सगळ्यांना. निरोप नीट ऐकू येतो की नाही हे पाहायला ती आधी चाचणी करायची.

गेल्या हंगामात एक घोळ झाला होता. सकाळचा फोन आपोआप जावा म्हणून तिने स्क्रिप्टला घड्याळाची वेळ लावून दिली होती. पण अशी आपोआप चालणारी स्क्रिप्ट वृषाली पडद्यावरच्या ज्या खिडकीत आज्ञा टाइप करते तिथे काय ठरवलंय ते बघत नाही. तिला 'यादी' रिकामीच मिळाली आणि फोन कुणालाच गेला नाही. गाडीचा दिवस बदलल्याचं न कळल्याने डोंगरातल्या बाया गोण्या घेऊन रस्त्याला उन्हात बसून राहिल्या. दादाभाऊंना बोलणी खावी लागली. वृषालीने घाईघाईत स्क्रिप्टमध्ये एक ओळ टाकली, की 'यादी' रिकामी असेल तर 'सभासद' समजावं. हे बरोबर नाही हे तिला तेव्हाही कळत होतं. पुण्यात कुणी असं केलं असतं तर तिनेच त्याला परत करायला लावलं असतं. पण फोन जायला लागले आणि विषय मागे पडला.

चाचणीच्या निरोपात काय लिहायचं, ते तिच्यावर होतं. सुरुवातीला ती 'ही चाचणी आहे' असं लिहायची. मग गंमत म्हणून कधी दादाभाऊंच्या चहावर लिहायची, कधी खताच्या दुकानदारावर. दादाभाऊ बाहेरच्या खोलीत फोन कानाला लावून हसायचे आणि म्हणायचे, "काय पण एकेक सुचतं गं तुला." तिला ते आवडायचं. त्या ऑफिसात तिचं काम कळणारं कुणी नव्हतं, पण तिची गंमत कळत होती.

दादाभाऊंनीच एकदा तिला सांगितलं होतं की मागे एका गोणीत तळाला दगड निघाले होते, वजन वाढावं म्हणून घातलेले. गोणी घाटघरच्या अंबाबाईकडची असावी असं ते म्हणाले. अंबाबाई म्हणजे गावातल्या बायांचा हिरडा आपल्या अंगणात जमा करून संस्थेला देणारी बाई. वृषालीने तिला पाहिलेलं नव्हतं. पण ते नाव तिच्या तोंडात बसलं, आणि चाचणीच्या निरोपात अधूनमधून येऊ लागलं.

त्या दिवशी लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला होता, म्हणून तिने नवी खिडकी उघडली. एका ओळीत 'यादी' म्हणजे 'चाचणी' असं लिहिलं, पुढच्या ओळीत निरोप दिला आणि स्क्रिप्ट चालवली. निरोप असा होता: "घाटघरच्या अंबाबाई यांना नम्र विनंती. यंदा गोणीत थोडा हिरडाही घालावा. नुसते दगड पाठवू नयेत."

तिचा फोन वाजला नाही.

बाहेर दादाभाऊंचाही वाजला नाही. तिने पडद्याकडे पाहिलं. नंबरांमागून नंबर वर सरकत होते. तिने स्क्रिप्ट तोडली, पण तोपर्यंत बहुतेक सगळे नंबर सेवेकडे पोचले होते, आणि तिकडे गेलेलं परत घेता येत नव्हतं. काय झालं ते तिला लगेच कळलं. व्हेरिएबल लिहिला होता, पण एक्सपोर्ट केला नव्हता. एक्सपोर्ट न केलेली किंमत त्या खिडकीपुरतीच राहते, तिथून चालवलेल्या स्क्रिप्टला ती दिसत नाही. जुन्या खिडकीत तिने कधीतरी एक्सपोर्ट करून ठेवलं होतं, म्हणून नुसतं लिहिलं तरी चालत होतं. या खिडकीत स्क्रिप्टला 'यादी' रिकामी दिसली, आणि रिकामी असेल तर काय करायचं हे वृषालीनेच तिला शिकवलं होतं.

मग दादाभाऊंचा फोन वाजला. सभासद म्हणून त्यांचं नाव यादीत खाली होतं. त्यांनी ऐकलं, हसले, आणि आत येऊन म्हणाले, "आज जरा जास्तच झालं हां." तिचा चेहरा पाहून ते थांबले.

तिने सांगितल्यावर ते खुर्चीत बसले. मग म्हणाले की घाबरू नको, दुसरा फोन लावून दे, तांत्रिक बिघाड म्हणायचं, लोक विसरतात. तिने तसा निरोप लिहिला. तांत्रिक कारणामुळे चुकीचा संदेश गेला आहे, कृपया त्याकडे दुर्लक्ष करावे. लिहिताना तिला हलकं वाटत होतं, आणि त्या हलकेपणाची लाजही वाटत होती. बिघाड झाला होता हे खोटं नव्हतं. पण बिघाडामुळे वाक्यं गावभर गेली होती. वाक्यं बिघाडाने लिहिली नव्हती. त्या दुसऱ्या निरोपात अंबाबाईचं नाव नव्हतं, आणि दगडांची गोष्ट खरी नाही असंही कुठे म्हटलेलं नव्हतं.

घरी ती काही बोलली नाही. जेवताना वडील पाव्हण्यांना सांगत होते, आमच्या वृषालीमुळे डोंगरातल्या माणसालासुद्धा घरबसल्या फोन येतो. ती ताटात बघत राहिली.

पुढच्या आठवड्यात घाटघरला गेलेली गाडी जवळजवळ रिकामी आली. गावातल्या बायांनी अंबाबाईकडे हिरडा देणं बंद केलं होतं आणि खासगी व्यापाऱ्याला घालायला सुरुवात केली होती. दादाभाऊ वैतागले. तेव्हा वृषालीने त्यांना विचारलं की ती दगडांची गोणी नक्की कुणाची होती.

दादाभाऊ म्हणाले, "आता कुठं आठवतंय. त्या पट्ट्यातलीच व्हती."

"पण अंबाबाईंची होती ना? तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणालो असंन. तिच्याकडं सगळ्यांचा माल येतो, म्हणून तिचं नाव आलं तोंडात. तू लगेच तेच धरून बसलीस."

तिला त्यांचा राग आला, पण तो फार वेळ टिकला नाही. त्यांनी एकदा म्हटलं होतं. टाइप तिने केलं होतं, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी हसू आलं होतं. ती म्हणाली की मी घाटघरला जाऊन येते. त्यावर दादाभाऊंनी तिला समजावलं की आपण गेलो की आपणच कबूल केल्यासारखं होईल, संस्थेचं नाव खराब होईल, शिवाय त्यांचं नावही मधे येईल. ती म्हणाली, तुमचं नाव मी घेणार नाही.

स्टँडवर तिला घाटघरची जीप मिळाली. ती मागे दोन बायांच्या मधे बसली. चावंडच्या पुढे गेल्यावर गाडीत फोनचाच विषय निघाला. आपटाळ्याला चढलेला एक म्हातारा विचारत होता, की झालं तरी काय. एका बाईने सगळं सांगितलं. त्या दिवशी घाटघरात लग्न होतं. मांडव रस्त्याच्या कडेला घातलेला, जिथे रेंज मिळते तिथेच. अंबाबाई बायांबरोबर नवरीला हळद लावत होती. एकदम दहा-पंधरा फोन वाजले. गाडीचा निरोप असेल म्हणून कुणीतरी स्पीकर लावला आणि सगळ्या मांडवाने ऐकलं. मंगल म्हणून तिची शेजारीण, वर्षानुवर्षं तिच्याकडे हिरडा देणारी, तिने तिथेच विचारलं की आमच्या गोणीत पण घातले व्हते का दगड. अंबाबाई हळदीचे हात तसेच धरून घरी गेली.

"पण नंतर दुसरा फोन आला ना, बिघाड झाला म्हणून," म्हातारा म्हणाला.

"मशीन काय आपल्या मनानं बोलतंय व्हय?" बाई म्हणाली. "कुणीतरी त्यात भरलं, तवाच ते बोललं. हापिसात म्हाईत असल्याबिगर कोण भरंल?"

वृषालीला वाटलं, आत्ता इथेच सांगावं. ओठ उघडावेत एवढंच करायचं होतं. पण तिने शेजारच्या बाईच्या पदराआडून डोकावणाऱ्या लहान पोरीकडे बघून घेतलं आणि मग खिडकीबाहेर बघितलं. बाई तिला म्हणाली, "तुमी कुठल्या, ताई?" ती म्हणाली, आळ्याची. बाईने विचारलं, "इकडं फिरायला?" आणि वृषालीने होकाराची मान हलवली. ती मान का हलवली, हे तिला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिलं.

जीप चालवणारा तिशीतला माणूस या सगळ्यात एक शब्द बोलला नव्हता. घाटघरात सगळे उतरल्यावर त्याने तिला विचारलं की कुणाकडे जायचंय. ती म्हणाली, अंबाबाईंकडे.

"माझीच आई," तो म्हणाला. "मी भागू. चला."

घर रस्त्यापासून जरा खाली होतं. अंगणात हिरडा वाळत घातलेला होता, पण थोडाच, एका घरचा असावा तेवढा. अंबाबाई ओट्यावर बसून वाळलेला माल निवडत होती. पन्नाशीच्या पुढची, सडपातळ, नऊवारी नेसलेली. संस्थेतून मॅडम आल्यात म्हणून भागूने सांगितलं तसं तिने लगबगीने उठून घोंगडी टाकली, पाणी दिलं, आणि चुलीवर कोरा चहा ठेवला. तिला वाटत होतं की ऑफिसाने चौकशीला माणूस पाठवलाय, आता काय ते खरं-खोटं होईल. तिने स्वतःच सुरुवात केली. म्हणाली की मागच्या तीन हंगामांतल्या गोण्या कुणाकुणाच्या होत्या ते मला तोंडपाठ आहे, विचारा. हवं तर सगळ्यांसमोर ओतून बघा.

वृषालीने कप खाली ठेवला. म्हणाली, "मावशी, चौकशीला नाही आले मी. तो निरोप मी लिहिला होता."

अंबाबाईला नीट कळलं नाही. तिने भागूकडे पाहिलं.

वृषालीने पुन्हा सांगितलं. निरोप नीट जातो की नाही हे बघायला ती आधी एक खोटा निरोप स्वतःलाच पाठवते. तो बाहेर जायला नको होता. तिची एक ओळ अर्धी राहिली, म्हणून तो सगळ्यांना गेला. ती चूक कशी झाली ते ती सविस्तर सांगायला लागली, खिडकी, स्क्रिप्ट, रिकामी यादी, आणि मधेच तिच्या लक्षात आलं की आपण त्या चुकीच्याच आड उभे राहून बोलतोय. ती थांबली.

भागू दाराला टेकून उभा होता. तो म्हणाला, "म्हंजी बिघाड खराच व्हता."

"जायला बिघाड होता," वृषाली म्हणाली. "लिहिलं मी. गंमत म्हणून."

अंबाबाईने हातातला हिरडा सुपात टाकला. तिने विचारलं, "तुमी मला कवा पाह्यलं व्हतं?"

"नाही."

"माझ्या गोणीत दगड पाह्यले व्हते?"

"नाही."

"मंग माझंच नाव का?"

दादाभाऊंचं नाव वृषालीच्या जिभेवर आलं होतं, ते तिने गिळलं. शेवटी म्हणाली की नाव तोंडात बसलं होतं. बोलून झाल्यावर ते तिला इतकं हलकं, इतकं घाण वाटलं की तिने मान खाली घातली. तिला रडू येत होतं, पण या घरात आपण रडलो तर या बाईलाच आपली समजूत काढावी लागेल असं वाटून तिने ते आवरलं.

अंबाबाईने सूप बाजूला सारलं. आवाज चढवला नाही. म्हणाली, "माझा मालक गेला तवा ह्या पोराला घेऊन मी दारोदार फिरले. व्यापाऱ्याला देऊ नका, संस्थेला द्या, माझ्याकडं आणा, मी मोजून देते. बाया माझ्या शब्दावर आल्या. आता मी अंगणात आले तर त्या घरात जात्यात."

"माझी चूक झाली मावशी. मला माफ—"

"मला सांगून काय उपेग?" अंबाबाईने तिला मधेच थांबवलं. "मला म्हाईतच हाये मी दगड घातले न्हाईत. फोन सगळ्यांना गेला. सगळ्यांना सांगा. आन् त्या मशीनच्या बाईनं न्हाई. तुमी बोला."

वृषाली हो म्हणाली. चहा तसाच राहिला होता, तो तिने संपवला, कारण न पिता उठणं तिला जमेना.

परत येताना भागूने तिला पुढे बसवलं. वाटेत एवढंच म्हणाला की येताना गाडीत त्या बाईने विचारलं तेव्हा फिरायला आलो म्हणून तुमी मान हलवलीत. वृषाली म्हणाली, हो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने आधी स्क्रिप्टमधली ती ओळ काढली. आता 'यादी' रिकामी असली तर स्क्रिप्ट काहीही न करता थांबणार होती; सकाळच्या आपोआप फोनसाठी तिने 'सभासद' वेगळं लिहून दिलं. दादाभाऊ मागे येऊन उभे राहिले. त्यांनी तिला निदान स्वतःचं नाव तरी सांगू नको म्हणून बजावलं, आळ्यापर्यंत जाईल, वडलांना काय वाटेल. तिने दार लावून फोनवर आपला आवाज रेकॉर्ड केला. पहिल्यांदा आवाज इतका थरथरला की पुसून टाकावा लागला. दुसऱ्यांदा ती वाचल्यासारखी बोलली, तेही पुसलं. शेवटी जो राहिला तो असा होता:

"मी वृषाली बोलते, आळ्याची, हिरड्याच्या संस्थेत काम करते. घाटघरच्या अंबाबाईंबद्दल जो फोन आला होता, तो मशीनच्या चुकीने तुम्हाला आला, पण त्यातले शब्द माझे होते. मी त्यांना तेव्हा पाहिलंही नव्हतं. गंमत म्हणून लिहिलं. त्यांच्या गोणीत दगड निघाल्याचं कुणीही पाहिलेलं नाही. त्यांची मी घरी जाऊन माफी मागितली आहे, तुम्हा सगळ्यांचीही मागते. माझा नंबर देते. ज्यांना काही बोलायचं असेल त्यांनी मला फोन करावा."

मग तिने टाइप केलेल्या निरोपाच्या जागी ते रेकॉर्डिंग जोडलं, खिडकीत 'यादी' म्हणजे 'सभासद' लिहिलं, या वेळी एक्सपोर्टसकट, आणि पुन्हा एकदा वाचून स्क्रिप्ट चालवली.

दुपारपासून फोन येऊ लागले. काही जणांनी झाडलं. एकाने विचारलं की पगार गंमत करायचा मिळतो का. एका म्हाताऱ्याला फक्त त्याच्या गावाला गाडी कधी येणार ते हवं होतं. संध्याकाळी वडलांचा फोन आला. नारायणगावच्या बाजारात कुणीतरी त्यांना तो आवाज ऐकवला होता. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "पुण्याचं काम तू सोडलं व्हतंस का सुटलं व्हतं?" कदाचित त्यांना केव्हापासून विचारायचं होतं. तिने खरं ते सांगितलं. ते बरं म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर एक अनोळखी नंबर आला. बाईने आपलं नाव मंगल सांगितलं. वृषाली शिव्यांच्या तयारीने ऐकत राहिली, पण बाई हळू बोलत होती, कुणी ऐकू नये तशी.

"ताई, तुमचा फोन ऐकला. मी अंबाबाईच्या शेजारची. मांडवात मी तिला नको ते बोलले. नंतर नळावर बी चोर म्हणले, चारचौघीत. माझं लेकरू आजारी व्हतं तवा तिनं रात काढली व्हती माझ्याकडं. आता मी काय करू?"

वृषाली म्हणाली की मलाही नीट माहीत नाही. मी गेले आणि सांगितलं, एवढंच.

"तुमी जाऊन आलात, परत गेलात," मंगल म्हणाली. "मी हितंच ऱ्हाते ओ. दार उघडलं की तिचं अंगण."

मग मंगलने फोन ठेवला.

हंगाम संपायच्या आत गाडी पुन्हा घाटघरला गेली तेव्हा वृषाली मुद्दाम बरोबर गेली. हिरडा बऱ्यापैकी जमला होता. सगळा नाही, काही घरांनी व्यापाऱ्यालाच घातला तो घातला. अंबाबाई भागूबरोबर आली होती. मंगल तिच्या शेजारी होती, पण दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, नुसत्या मिळून गोणी उचलत होत्या. वजनकाट्याशी वृषालीने अंबाबाईला सावलीतली खुर्ची पुढे केली आणि म्हणाली, "बसा ना, मावशी."

अंबाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. उभीच बरी हाये मी," आणि काट्याच्या आकड्याकडे बघत राहिली.